सत्तावीस नंबरचा ट्रक नेमका कोणता? व्हँकुव्हर बेटावरच्या एका हेज ट्रकच्या जतनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हर बेटावरचं आहे. गाव, कंपनी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ट्रकचा नंबरही बदलला आहे.

बेटावरच्या जंगलातले ओंडके आधी वाफेच्या रेल्वेने खाली येत. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे भरीव रबरी टायरचे ट्रक फळ्यांच्या रस्त्यांवरून चालवून पाहिले गेले, पण ट्रकने रेल्वेला खरं मागे टाकलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. (रेल्वे पुरती संपायला मात्र बराच काळ गेला. बेटाच्या उत्तरेकडची एंगलवूडची लाकूड-रेल्वे थेट २०१७ पर्यंत चालू होती.) कंपन्यांनी डोंगरात स्वतःचे रस्ते काढले. महामार्गावरची रुंदी-वजनाची बंधनं या रस्त्यांना लागू नव्हती, आणि त्यातूनच ‘ऑफ-हायवे’ ट्रकांची जात जन्माला आली. महामार्गावरच्या ट्रकला आठ-साडेआठ फुटांत बसावं लागतं. या ट्रकांचे बंक, म्हणजे ज्यांच्यावर ओंडके टेकतात त्या आडव्या लोखंडी तुळया, बारा ते सोळा फूट रुंद असायचे. एका खेपेला शंभर टनांच्या घरातलं लाकूड डोंगर उतरायचं.

असे ट्रक बनवणारी दोन नावं तिकडच्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी हमखास येतात: हेज आणि पॅसिफिक. हेज-अँडरसन ही कंपनी १९२० मध्ये व्हँकुव्हर शहरात निघाली आणि १९२८ मध्ये ती हेज मॅन्युफॅक्चरिंग झाली. १९६९ मध्ये मॅक या अमेरिकी ट्रक कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. पुढे ती पॅकार या दुसऱ्या अमेरिकी ट्रक कंपनीच्या हातात गेली आणि १९७५ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. पॅसिफिक ही हेजमधूनच बाहेर पडलेल्या माणसांनी १९४७ मध्ये काढलेली कंपनी. ती १९९१ पर्यंत टिकली.

केनवर्थ आणि पीटरबिल्ट या अमेरिकी ट्रकांचा इतिहास सांगायला त्या कंपन्या आजही हयात आहेत. पीटरबिल्टची गोष्ट तर टाकोमाच्या टी. ए. पीटरमन या लाकूड व्यावसायिकापासूनच सुरू होते. हेज आणि पॅसिफिकच्या मागे असं कुणी उरलेलं नाही. जे काही आहे ते लोखंडात आहे आणि आता ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांच्या डोक्यात. त्यामुळे या ट्रकांच्या जतनाचा भार गावोगावच्या हौशी मंडळांवर पडतो. आपल्या प्रकरणातलं मंडळ असंच होतं: निवृत्त मेकॅनिक, काही माजी ड्रायव्हर, एक वेल्डर, आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. पुढे त्यांना ‘नोंदणीवाल्या बाई’ म्हटलं आहे, कारण मंडळात त्यांची ओळख तीच होती आणि सुरुवातीला ती थोड्या थट्टेनेच घेतली जायची.

ट्रक कसा आला

कंपनीच्या बंद पडलेल्या यार्डात अल्डरच्या झाडोऱ्यात हेजचा एचडीएक्स जातीचा एक ट्रक वर्षानुवर्षं उभा होता. भंगारवाल्याने त्याला हात लावण्याआधी एका कुटुंबातल्या भावा-बहिणीने तो विकत घेतला आणि मंडळाला दिला. त्यांचे वडील कंपनीत सत्तावीस नंबरचा ट्रक चालवायचे, आणि हा तोच ट्रक असं घरात सगळे धरून चालले होते. सोबत रंगकामासाठी पैसेही दिले. अट तोंडी होती, पण स्पष्ट होती: ट्रक नव्यासारखा रंगवायचा, दारावर २७ घालायचं, खाली वडिलांचं नाव लिहायचं, आणि गावाच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत तो चालवायचा.

मंडळाने आनंदाने मान डोलावली. कागद झाला नाही. अशा मंडळांत कागद करायला माणसं बिचकतात. देणगी देणाऱ्यापुढे सहीसाठी कागद ठेवणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटतं.

अडचण

ट्रक लोबेडवर, म्हणजे अवजड यंत्रं वाहणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर, घालून शेडमध्ये आला आणि साफसफाई सुरू झाली. केबिनमध्ये उंदरांची घरटी होती. तिकडच्या डिअर माऊस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरसचा धोका असतो. कोरडा झाडू मारला तर धूळ नाकात जाते, म्हणून ब्लीचचं पाणी फवारून, भिजवून, पुसून काढायचा नियम आहे. मंडळाने तो नियम तंतोतंत पाळला. आणि त्यातच ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या आतल्या पत्र्यावरच्या खडूच्या खुणा पुसल्या गेल्या. चार उभ्या रेघा आणि एक तिरकी, अशा गठ्ठ्यांनी मोजलेल्या खेपा. त्यांच्याशेजारी काही अक्षरं होती. ट्रक उचलण्याच्या दिवशी कुणीतरी फोनवर काढलेल्या एका फोटोत ते दार अर्धवट आणि हललेलं दिसतं. त्यात रेघा कळतात, अक्षरं वाचता येत नाहीत.

यानंतर नोंदणीवाल्या बाईंनी ठणकावून सांगितलं की आता फोटो आणि टिपण झाल्याशिवाय एकाही भागाला पाणी लावायचं नाही. थोडी कुरकुर झाली, पण चासी, म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, धुण्याआधी तिचे फोटो काढले गेले, आणि त्या फोटोंनीच घोळ उघडा केला. चासीच्या लांब पट्टीवर ठोकून पाडलेला क्रमांक आणि केबिनमधल्या प्लेटवरचा क्रमांक एकमेकांशी जुळत नव्हते. मागचा बंक तर हेजचा नव्हताच. वेल्डरने जोड पाहून लगेच सांगितलं की तो एखाद्या पॅसिफिकवरून कापून आणलेला आहे.

ज्यांनी कंपन्यांचे वर्कशॉप पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. लोडरचा दांडा लागून केबिन चेपायची, नाहीतर ओंडका पुढे सरकून मागचा पत्रा आत यायचा. शेजारी चासी मोडलेला दुसरा ट्रक उभा असायचा. त्याची केबिन याच्यावर, याचं इंजिन त्याच्यात. सोमवारी सकाळी ट्रक रस्त्यावर हवा असायचा, आणि त्याचा नंबर ठरायचा तो रोस्टरवर. चासीवर काय ठोकलंय ते पाहायला फुरसत कुणाला होती?

एरवी हा चहाच्या वेळचा किस्सा म्हणून संपला असता. इथे मात्र ‘हा बाबांचा ट्रक’ या विश्वासावर देणगी आलेली होती.

समोरचे पर्याय

मंडळाच्या बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, ठरल्याप्रमाणे सगळा रंग उतरवायचा, लांबी (पुट्टी) भरायची, दोन हात रंग मारून २७ घालायचं आणि क्रमांकाचा विषयच काढायचा नाही. या बाजूला निम्म्याहून जास्त माणसं होती. त्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं: कुटुंब खूश, पैसे हातात, मिरवणूक साधली, आणि ट्रक पुढची वीस वर्षं गंजापासून वाचला.

दुसरी, कारखान्यातून बाहेर पडला तसा ट्रक करायचा. म्हणजे पॅसिफिकचा बंक काढायचा, हेजचा शोधायचा, वेल्डिंगची ठिगळं घासून टाकायची. ऐकायला हे फार शुद्ध वाटतं. पण दोन ट्रकांपासून बनलेल्या या ट्रकाचा कारखाना-दिवस कुठला धरायचा? चासीचा की केबिनचा? मला विचाराल तर चौघांत सर्वांत खोटा पर्याय हाच होता, कारण जो ट्रक कधी अस्तित्वातच नव्हता तो यातून तयार झाला असता.

तिसरी, आहे तसा ठेवायचा: गंज थांबवायचा, छप्पर द्यायचं, जमलं तर इंजिन चालू करायचं, आणि जे ठाऊक आहे ते फलकावर लिहायचं.

चौथी सूचना दुसऱ्या एका संग्रहाकडून आली. त्यांना मागचे एक्सल सुट्ट्या भागांसाठी हवे होते. त्यावर फार चर्चा झाली नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, केलेली ‘ट्युरिन सनद’ बाईंनी बैठकीत वाचून दाखवली. जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांतला फरक, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद, नव्या भागावर ओळखता येईल अशी खूण, आणि वाहन वापरात राहण्याचं मोल, हे सगळं त्यात आहे. एका माजी ड्रायव्हरने विचारलं, “यात कामाच्या ट्रकाबद्दल काय आहे?” प्रश्न रास्त होता. एखाद्या गाडीला दोनदा अपघात झाला तर ते तिच्या इतिहासातलं विघ्न मानतात. या ट्रकांच्या बाबतीत दुरुस्ती हाच इतिहास असतो.

पहिला निर्णय: आधी रंग वाचायचा

मतदान घेण्याऐवजी अध्यक्षांनी एक महिना मागून घेतला. त्या महिन्यात रंगाचे थर तपासले गेले. आधी शिसं आहे का ते किटने पाहिलं, ते निघालं, म्हणून मास्क लावून ओला पॉलिश पेपर वापरला. बोटाच्या पेराएवढ्या जागेत, कडेकडून आत उतरत, अंडाकृती खिडकी घासत नेली की एकेक थर वलयासारखा उघडा पडतो.

दारावर वरचा पिवळा, त्याखाली फिकट पडलेला नारिंगी, त्याखाली गडद हिरवा, मग लाल प्राइमर आणि पत्रा. चासीवर नारिंगी आणि काळा. हिरवा कुठेच नाही. म्हणजे केबिन एक संपूर्ण आयुष्य दुसरीकडे जगून या चासीवर आली होती. पिवळा रंग फक्त केबिनच्या बाहेरून, हाताने, ब्रशने मारलेला होता. एका निवृत्त मेकॅनिकला तो आठवला. कंपनीचे मालक बदलले तेव्हा रात्रपाळीला ब्रश देऊन ‘दिसेल तेवढं पिवळं करा’ असा हुकूम आला होता. हुकूम जसा आला तसाच पाळला गेला. सीटमागे नारिंगी अजून शाबूत होता.

सगळा रंग उतरवला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. पहिल्या पर्यायाच्या बाजूच्या दोघा-तिघांनी इथे आपलं मत बदललं, आणि त्यांना पटवलं ते सनदेने नाही. ती खिडकी त्यांनी स्वतः घासली होती.

दुसरा निर्णय: कुटुंबाला सांगायचं का, आणि कधी

इथे मंडळ सर्वांत जास्त अडखळलं. काहींचं मत होतं की खात्री झाल्याशिवाय बोलू नये. खात्री कधीच होणार नव्हती, म्हणजे कधीच बोलायचं नाही असा त्याचा अर्थ होत होता. अखेर नोंदणीवाल्या बाई आणि मंडळातले सर्वांत ज्येष्ठ मेकॅनिक, जे त्या वडिलांसोबत काम केलेले होते, फोटो घेऊन घरी गेले.

मुलाला राग आला. “आमच्या बाबांचा ट्रक आम्हाला कळत नाही का?” असं म्हणून त्याने पैसे परत मागितले. मुलगी उठून आतून एक फोटो घेऊन आली: वडील ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे. मेकॅनिकने भिंग मागितलं. कारखान्यातून आलेल्या पायरीच्या जागी वर्कशॉपमध्ये बनवलेली, नक्षीदार चेकर प्लेटची, डाव्या कोपऱ्यात थोडी वाकलेली पायरी फोटोत दिसत होती. शेडमधल्या केबिनला अशीच पायरी होती. कोपरा डावाच, वाकही तसाच.

म्हणजे वडील या केबिनमध्ये बसले असावेत. ही चासी कदाचित दुसऱ्याच ट्रकची. आणि पायरीसुद्धा वर्कशॉपमध्ये एका केबिनवरून दुसऱ्या केबिनवर जाऊ शकते, हे मेकॅनिकने तिथेच, न विचारता सांगितलं. मला वाटतं, त्यांच्या या प्रामाणिकपणामुळेच गोष्ट तुटली नाही. ते गप्प बसले असते तर फोटो पुरावा ठरला असता, आणि पुढे कुणीतरी तो खोडला असता तर कुटुंबाचा विश्वास दुसऱ्यांदा गेला असता.

मुलाने आपल्या वाट्याचे पैसे परत घेतले. मुलीने आपले ठेवले, पण ते रंगाऐवजी छपरासाठी वापरायला लेखी संमती दिली. या प्रकरणातला पहिला सही झालेला कागद तो.

तिसरा निर्णय: इंजिन चालू करायचं का

ट्रकमध्ये डेट्रॉइट डिझेलचं १२व्ही-७१ होतं. बारा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, दोन-स्ट्रोक. त्याचा कर्कश, चढता आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरत नाहीत. चालू करू नये असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की फिरवलं की मूळ भाग झिजतात, आणि एखादा मोडला तर आणायचा कुठून? चालू करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: हा ट्रक मुका ठेवला तर निम्मा इतिहास गेला.

ठरलं ते असं की इंजिन वर्षातून मोजक्या वेळा चालवायचं आणि आवाज नीट ध्वनिमुद्रित करायचा, पण ट्रक जागेवरून हलवायचा नाही. न हलवण्याचं कारण ब्रेकमध्ये होतं. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडले नाहीत तर ते आत बंद राहतं आणि कुणाला त्रास देत नाही. उघडले तर वेगळी, महागडी, परवानाधारक माणसं बोलवावी लागतात. ब्रेक न उघडता ट्रक रस्त्यावर काढणं म्हणजे वेडेपणा. शिवाय हा ट्रक महामार्गाच्या रुंदीत बसतच नव्हता. मिरवणुकीसाठी त्याला परवाना काढून लोबेडवरच चढवावं लागलं असतं. मिरवणुकीचा विषय इथे आपोआप संपला.

पहिल्यांदा इंजिन चालू करतानाची तयारी नोंदवण्यासारखी आहे. या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांत वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर इंजेक्टरचा रॅक, म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणारी सरकती दांडी, अडकतो. रॅक ‘पूर्ण इंधन’ या जागी अडकला तर इंजिन वेग घेतं आणि थांबत नाही. किल्ली बंद करून उपयोग नसतो. फाटेपर्यंत पळतं. म्हणून आधी रॅक हाताने मोकळा हलतो का ते एकेक करून पाहिलं. हवा तोडणारी आणीबाणीची झडप तपासली, तर तिची स्प्रिंग गेलेली. ती बदलली. तरीही एअर क्लीनर काढून ब्लोअरच्या, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी जाड प्लायवुडचे तुकडे घेऊन दोन माणसं उभी केली: इंजिन सुटलंच तर फळी तोंडावर दाबायची, हाताचा पंजा कधीच नाही. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि नीट चालू झालं. फळ्या लागल्या नाहीत.

चौथा निर्णय: माणसांना काय विचारायचं

मंडळाने सुरुवातीला माजी ड्रायव्हरांना खोलीत खुर्चीवर बसवून, कॅमेरा लावून ‘तुमच्या ट्रकबद्दल सांगा’ असं विचारलं. आली ती शौर्याची पुराणं: सर्वांत मोठा ओंडका, सर्वांत भीषण उतार. बोलणारे मजेत होते, पण ट्रक कसा चालवायचा हे त्यातून कळेना.

मग बाईंनी मुलाखती केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली. एका ज्येष्ठ ड्रायव्हरना आत बसवलं आणि एवढंच विचारलं, “वरून निघताना पहिला हात कुठे जायचा?” त्यांचा हात आपसूक ब्रेकच्या पाण्याच्या नळाकडे गेला. केबिनमागे पाण्याची मोठी टाकी असते. तिच्यातलं पाणी नळ्यांतून ब्रेकच्या ड्रमवर पडत राहतं, नाहीतर शंभर टनांचा भार उतरवताना ड्रम लाल होतात. ते म्हणाले, “पाणी आधी सोडायचं, उतार लागायच्या आत. ड्रम तापल्यावर सोडलंत तर तडकला म्हणून समजा.” मग आरशाकडे बोट दाखवलं: “मागे रस्त्यावर ओली रेघ दिसतेय का बघायचं. रेघ नाही, तर टाकी संपली. मग थांबायचं.”

त्याच आठवड्यात एक स्वयंसेवक ड्रमवरचे पांढरट, क्षारांचे ओघळ ब्रशने घासून काढायच्या बेतात होता. ते ओघळ या पाण्याचेच होते. आता ते तसेच आहेत.

इंजिन ब्रेकबद्दलही, म्हणजे इंजिनाच्याच अडथळ्याने ट्रकचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेबद्दलही, असंच निघालं. जेकब्सचा इंजिन ब्रेक, क्लेसी कमिन्स यांच्या कल्पनेवर आधारलेला, १९६१ पासून बाजारात आला. काही जुन्या ड्रायव्हरांनी तो आल्यावरही बराच काळ पाण्यावरच भिस्त ठेवली. का, तर पाणी दिसतं. ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात मिळायची नाही.

रेडिओवरचं बोलणंही नोंदवलं गेलं. अरुंद रस्त्यावर भरलेला ट्रक खाली येतोय की रिकामा वर जातोय आणि कितव्या पाटीशी आहे, हे सतत पुकारत राहायचं. रिकामा परतताना ट्रेलर ट्रकच्याच पाठीवर चढवलेला असायचा. वर लोडिंगच्या जागी तो उतरवून पुन्हा जोडायचा. हे सगळं सांगणाऱ्यांत सुरुवातीला फक्त ड्रायव्हर होते. रेडिओ सांभाळणारी बाई, कॅम्पमधला आचारी, वर्कशॉपचे मेकॅनिक हे बऱ्याच उशिरा यादीत आले.

यादीत आणखीही भोकं होती. बेटावरच्या लाकूडधंद्यात फर्स्ट नेशन्सची, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांची, माणसं पहिल्यापासून कामाला होती आणि जंगल ज्या जमिनीवर उभं होतं ती त्यांचीच. डंकनजवळ मेयो सिंग यांनी वसवलेल्या पाल्डीसारख्या वस्त्यांतून पंजाबी कामगारांच्या पिढ्या याच धंद्यात गेल्या. आणि १९९३ च्या उन्हाळ्यात बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेयोक्वॉट साउंडमध्ये जुनी झाडं वाचवायला रस्ते अडवणाऱ्या आठशेहून अधिक लोकांना अटक झाली, तेव्हा अडवलेल्या वाटा या धंद्याच्याच होत्या. फलकावर हे घ्यायचं का यावरून मंडळात चांगलंच वाजलं. “आम्ही ट्रकचं बोलतोय, राजकारणाचं नाही,” असा एक सूर होता. शेवटी एक परिच्छेद आला, तोही दोनदा छाटून. माझ्या मते तो तोकडा आहे.

निष्पत्ती

ट्रक आज छपराखाली उभा आहे, पिवळा-नारिंगी, ठिगळांसकट. गंजावर आतून मेणाचा थर दिला आहे. रंगाची खिडकी झाकलेली नाही, तिच्याशेजारी कुठला थर कुठला हे लिहिलंय. पॅसिफिकचा बंक जागेवर आहे. नवा बसवलेला प्रत्येक भाग, झडपेच्या स्प्रिंगपर्यंत, वर्षाचा शिक्का मारून वहीत चढवला आहे.

सत्तावीस नंबरचं काय झालं? दाराचा पत्रा लोखंडी होता, त्यामुळे वेल्डरने तोडगा काढला: पातळ चुंबकी शीटवर नंबर आणि वडिलांचं नाव रंगवायचं, आणि कुटुंब येईल त्या दिवशी ते दारावर लावायचं. दिवस संपला की काढायचं. काढणं गरजेचंच आहे, कारण शीटखाली ओल धरते. पहिल्या वर्षी ते आठवडाभर राहिलं तर कडेने गंजाची बारीक रेघ उमटली. मुलगा सुरुवातीला आला नव्हता. नंतर आला, फलक वाचला, आणि ‘असावी’ या शब्दाच्या जागी ‘होती’ करता येईल का असं विचारलं. मंडळाने नाही म्हटलं. फलकावर आजही ‘ही केबिन सत्तावीस नंबरच्या ट्रकची असावी’ असंच आहे.

फलक छापून झाल्यावर वर्कशॉपच्या एका दिवंगत फोरमनची खिशातली डायरी त्यांच्या घरून आली. केबिनच्या अदलाबदलीच्या दोन नोंदी तीत आहेत, पण वेगळ्या नंबरांच्या आणि नंतरच्या वर्षांच्या. त्यावरून अशी अदलाबदल नेहमीची होती हे पक्कं झालं. या ट्रकाबद्दल मात्र एक ओळही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी देणगीचा कागद. लोबेड हलायच्या आत. त्यात तीन गोष्टी पुरेशा होत्या: ट्रकची मालकी मंडळाकडे विनाअट येते, ओळख पटवायचं काम नंतर होईल आणि त्यातून जे निघेल तेच मंडळ लिहील, आणि पैसे कशासाठी. मुलाचा राग बहुतेक तरीही आला असता, पण पैसे परत देण्यावरून झालेली महिनाभराची कटकट वाचली असती.

खडूच्या खुणा हे कायमचं नुकसान. उंदरांची घाण काढणं टाळता येण्यासारखं नव्हतंच, आणि त्यात नियम पाळणारा माणूस चुकला असंही म्हणता येत नाही. पण मास्क लावून, काहीही न हलवता, दारं उघडून आतले सगळे पृष्ठभाग चांगल्या कॅमेऱ्याने आणि बाजूने तिरका उजेड टाकून टिपायला अर्धा दिवस लागला असता. खडू आणि पेन्सिलच्या पुसट खुणा समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. मंडळाने आता हा क्रम लिहून शेडच्या दारावर लावला आहे: फोटो, टिपण, मग पाणी.

मेकॅनिकांना पहिल्यांदा विचारायला हवं होतं. ड्रायव्हरला ट्रक आपला वाटतो, त्याच्या आठवणीत तो एकसंध असतो. त्यातलं काय कुठून आलं हे वर्कशॉपला ठाऊक असतं. फोरमनची डायरी तर मंडळाच्या एका सदस्याच्या गल्लीतच होती. कंपन्यांची मोठी दप्तरंही पाहिली गेली नाहीत. मॅकमिलन ब्लोडेलसारख्या मोठ्या लाकूड कंपनीची कागदपत्रं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तिथे एकेका ट्रकाची नोंद सापडेलच असं नाही, पण विभागवार यंत्रांच्या याद्या शोधायला सुरुवात तिथून करता येते.

इंजिनाबाबतच्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत नाही. वर्षातून मोजक्या वेळा, जागच्या जागी, भाराविना चालवलं तर दोन-स्ट्रोक डिझेल पुरतं तापत नाही, आणि न जळालेलं इंधन-तेल धुराड्यात साचतं. एकतर नीट गरम होईपर्यंत चालवण्याचं वेळापत्रक हवं, नाहीतर आवाज एकदा उत्तम मुद्रित करून इंजिन आतून तेल देऊन बंद ठेवावं. मंडळात यावर अजून एकमत नाही, आणि पुढच्या वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो मुद्दा पुन्हा आहे. ब्रेकच्या टाकीत पाणी भरून नळ उघडून दाखवायचा का, हाही. टाकीचा तळ गंजलेला आहे, आणि वेल्डरचं म्हणणं असं की आतून ठिगळ मारलं तर बाहेरून दिसणार नाही. बाईंचं म्हणणं, मग ते दिसेल असंच मारा.